मैलाचा भाव आणि घरचा दिवस

अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांच्या भरतीच्या जाहिरातींत तीन गोष्टी हमखास ठळक अक्षरांत असतात: मैलामागे किती सेंट, विमा आणि निवृत्तीनिधी कसला, आणि किती दिवसांनी घरी सोडणार. नोकरी शोधणारा ड्रायव्हरही याच तीन रकान्यांत कंपन्यांची तुलना करतो. इथे दोन सेंट जास्त मिळतात, पण तीन-तीन आठवडे बाहेर राहावं लागतं. तिथे दर आठवड्याला घरी सोडतात, पण विम्याचा हप्ता जड आहे. वरवर पाहता हे तोलणं शहाणपणाचं वाटतं. माझा आक्षेप तराजूवरच आहे. या तिन्ही रकान्यांत विकला जातो तो माणसाचा वेळ, आणि त्यातला मोठा हिस्सा कुणीही पैसे न मोजता वापरतं. ट्रक उभा असतानाच्या तासाला दाम मिळत नाही तोवर उरलेल्या दोन रकान्यांतली आश्वासनं टिकत नाहीत, आणि तो दाम मिळवून देणं एकट्यादुकट्या ड्रायव्हरच्या हातात नाही. ते कायद्यानेच व्हायला हवं.

आधी मैल. लांब पल्ल्याच्या बहुतेक कंपन्या तासावर पगार देत नाहीत, अंतरावर देतात. पण कुठलं अंतर? अनेक ठिकाणी ते घरसामान हलवणाऱ्यांसाठी बनलेल्या जुन्या कोष्टकावरून धरतात. त्यात दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता मोजलेला असतो. ऐंशी हजार पौंडांपर्यंत भरलेला ट्रक त्या रस्त्याने जाईलच असं नाही. बुटके पूल, वजनबंदीचे रस्ते, गावातली वळणं टाळत त्याला महामार्ग धरावा लागतो. चाकं जास्त फिरतात, पगारपत्रकावर मैल कमी उमटतात. रिकामा ट्रेलर घेऊन पुढच्या मालापर्यंत जाण्याचे मैल काही कंपन्या पूर्ण दराने देतात, काही कमी दराने. जाहिरातीतले ५५ सेंट हा त्यामुळे खरा दर नसतो. ती बोलणी सुरू करण्याची रक्कम असते.

मैलांतली ही कसर मात्र किरकोळच. घोडं पेंड खातं ते मालाच्या डॉकवर, म्हणजे वखारीत माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटावर.

सकाळी आठची वेळ दिलेली असते. ड्रायव्हर साडेसातला वखारीच्या फाटकावर हजर होतो. खिडकीतली बाई ट्रेलरचा नंबर आणि ऑर्डरचा नंबर टिपून घेते, दार मोकळं झालं की फोन करू म्हणते. नऊ वाजतात, दहा वाजतात. केबिनमधून उतरून लांब जाता येत नाही, कारण फोन कधीही येईल. झोपता येत नाही, तेही त्याच कारणाने. अकराला दार मिळतं. ट्रेलर मागे लावला तरी आत हालचाल नाही, कारण फोर्कलिफ्टवाल्याची सुट्टी झालेली असते. मग कधीतरी केबिनला हलकासा धक्का बसतो आणि कळतं की पहिलं पॅलेट चढलं. सहीचे कागद हातात पडतात तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात.

आता फेडरल सरकारचे तासांचे नियम या चित्रात घालून पाहा. सलग दहा तास विश्रांती झाल्यावर ड्रायव्हरला अकरा तास गाडी हाकता येते, पण कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. हे चौदा तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की डॉकवर उभं राहिल्याने थांबत नाही. (स्लीपरमध्ये, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेत, विश्रांतीचे दोन तुकडे करण्याची एक सवलत आहे, पण तिच्या अटी डॉकवरच्या अशा बेभरवशाच्या वाट पाहण्यात क्वचितच बसतात.) आपला ड्रायव्हर पहाटे सहाला कामाला लागला असेल, तर दोन वाजता त्याच्याकडे सहाच तास उरले. दिवसभरात सहाशे मैल जाण्याची आशा होती, त्यातले साडेतीनशे झाले तरी पुष्कळ. म्हणजे नुकसान दुहेरी. थांबल्याचे पैसे नाहीत, आणि थांबण्यामुळे जे मैल हातचे गेले त्यांचेही नाहीत. वर उरलेल्या सहा तासांत अंधार पडायच्या आत ट्रक उभा करायला जागा शोधायची, कारण उशीर झाला की विश्रांतीथांबे भरून जातात.

ग्राहकाला पहिले दोन तास फुकट, असा या धंद्यातला रिवाज आहे. त्यानंतरचं थांबण्याचं भाडं कंपनी मागते, कधी मिळतं, कधी मिळत नाही. मिळालं तरी त्यातलं ड्रायव्हरच्या पदरात किती पडायचं हे कंपनीच्या मर्जीवर. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली यावर अहवाल दिला. भाड्याने माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचं या खोळंब्यामुळे वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडतं, असा त्यांचा अंदाज होता. त्याहून बोलका आकडा दुसरा: डॉकवरचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढला की अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. कारण शोधायला फार लांब जायला नको. बुडालेले मैल भरून काढायला माणूस दामटतो, आणि दामटताना तो दमलेला असतो.

वखारवाला दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या फोर्कलिफ्टवाल्याला तासाचे पैसे द्यावे लागतात, म्हणून तो माणसं मोजून ठेवतो. बाहेर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा तास त्याच्या हिशेबात शून्य असतो, म्हणून तो सहा ट्रक बाहेर ताटकळत ठेवतो. फुकट मिळणारी वस्तू जपून कोण वापरतं?

हे कायदेशीर कसं, असा प्रश्न पडेल. १९३८ च्या फेडरल कामगार कायद्याने आठवड्याला चाळीस तासांपुढच्या कामाला दीडपट पगार दिला, पण राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना त्या तरतुदीतून वगळलं. त्यांच्या कामाचे तास दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीत आहेत, हे तेव्हाचं कारण. किमान वेतनाचा नियम त्यांनाही लागू आहे, पण तो आठवड्याच्या सरासरीवर पाहिला जातो. आठवड्याची कमाई भागिले कामाचे तास, हा आकडा ७.२५ डॉलरच्या वर असला की झालं. त्या आठवड्यातले वीस तास बिनपैशांचे गेले तरी कायद्याच्या नजरेत काही बिघडलेलं नसतं. आणि ७.२५ हा आकडा २००९ पासून जागचा हललेला नाही.

साधा हिशेब मांडू. मैलाला ५५ सेंट, आठवड्याला २,५०० मैल. हातात १,३७५ डॉलर. कामाचे तास ६५ धरले तर तासाला एकवीस डॉलर पडले. वाईट नाही, असं कुणीही म्हणेल. पण हाच माणूस सोमवारी पहाटे पाचला घरातून निघाला आणि शनिवारी संध्याकाळी पाचला परतला. मधले तास १३२. आता त्या १,३७५ डॉलरना १३२ ने भागा. तासाला साडेदहा डॉलरही होत नाहीत. शेजारी एखादा गावातल्या गावात ट्रक चालवून तासाला २६ डॉलरने पन्नास तास काम करत असेल, तर त्याला १,३०० मिळतात. आठवड्याला पंचाहत्तर डॉलर कमी, आणि रोजची रात्र घरी. तीन रकान्यांच्या तुलनेत पहिली नोकरी वरचढ दिसते. एकाच रकान्यात मांडली की चित्र पालटतं.

यावर आक्षेप येतो की केबिनमध्ये झोपण्याचे तास मोजणं हा अतिरेक आहे, झोपतो तर माणूस घरीही. आक्षेप अर्धा बरोबर आहे. झोपेला गाडी हाकण्याइतका दर कुणी मागत नाही. पण ज्या बिछान्यावरून उठून माणूस आपल्या इच्छेने कुठे जाऊ शकत नाही, ज्याच्या पाठीशी लाखोंचा माल आहे आणि तो सांभाळण्याची जबाबदारी त्याचीच आहे, त्या बिछान्यावरचा वेळ पूर्ण त्याचा म्हणता येत नाही. बोस्टनमधल्या फेडरल अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे अंशतः मान्य केलं. दोन ड्रायव्हरांच्या जोडीने चालणाऱ्या ट्रकमधल्या स्लीपर बर्थवर दिवसाला आठ तासांहून जास्त वेळ घालवावा लागला, तर तो वरचा वेळ कामाचा धरून किमान वेतन द्यावं, असा निर्णय दिला. अमेरिकेच्या श्रम खात्याने २०१९ मध्ये याच्या अगदी उलट मत दिलं होतं.

आता घरचे दिवस. ‘दर आठवड्याला घरी’ हे जाहिरातीतलं सर्वांत मोठं आमिष. वरच्याच ड्रायव्हरचं उदाहरण घ्या. शनिवारी संध्याकाळी पाच ते सोमवारी पहाटे पाच म्हणजे छत्तीस तास. त्यात दोन रात्रींची झोप, आणि ती नेहमीपेक्षा जास्तच, कारण आठवड्याची थकबाकी असते. सोमवारी तीनला उठायचं म्हणून रविवारी संध्याकाळपासूनच घरात आवरतं घेतलेलं. कपडे धुणं, केबिनसाठी आठवड्याचं सामान भरणं, तुंबलेली बिलं, गळणारा नळ. पोरांच्या वाट्याला किती येतं हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं. शाळेतला कार्यक्रम मंगळवारी असला तर प्रश्नच मिटला.

आणि हे छत्तीस तास ही कंपनीची कृपा असते का? फेडरल नियमांनुसार आठ दिवसांत सत्तर तास काम झालं की ड्रायव्हर गाडी हाकू शकत नाही. सलग चौतीस तास विश्रांती घेतली की ही मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू होते. जो रोज भरपूर राबतो त्याला आठवड्याकाठी हा थांबा घेणं सोयीचं असतं, आणि तो घेतला की पुढचा आठवडा कंपनीला पूर्ण सत्तर तास मिळतात. म्हणजे ट्रक तसाही उभा राहणारच होता. तो महामार्गाकडेच्या तळावर उभा राहण्याऐवजी ड्रायव्हरच्या गावाजवळ उभा राहिला, एवढंच कंपनीने दिलं. याला सवलत म्हणायला माझी तयारी नाही.

तीन-चार आठवडे बाहेर राहणाऱ्यांचा सर्वसाधारण दर असतो बाहेरच्या एका आठवड्यामागे घरी एक दिवस. हा दिवस नेमका कधी मिळायचा, हे डिस्पॅचरच्या, म्हणजे कुठला माल कुणी न्यायचा हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या, पडद्यावर ठरतं. डिस्पॅचरचं मोजमाप होतं ते ट्रक किती चालले यावर, ड्रायव्हर वेळेवर घरी पोहोचला का यावर नव्हे. शिवाय घराच्या दिशेने जाणारा माल असावा लागतो. फ्लोरिडात येणारा माल भरपूर, बाहेर जाणारा कमी. दक्षिण फ्लोरिडात राहणाऱ्या ड्रायव्हरला घरी पाठवायचं म्हणजे परतीचा ट्रक रिकामा नाहीतर कवडीमोल भाड्यावर आणावा लागणार, म्हणून तिथल्या माणसांना नोकरीवर घ्यायलाच काही कंपन्या नाखूश असतात. घरी जाण्याचं वचन हे असं बाजारभावावर हेलकावे खातं. पगार चुकवला तर खटला भरता येतो. ठरल्या दिवशी घरी सोडलं नाही तर ड्रायव्हरने कुठे जावं? नोकरी सोडावी, एवढाच त्याच्या हातातला उपाय. आणि तो ते करतोच.

मोठ्या ट्रक कंपन्यांत वर्षाला नव्वद टक्क्यांहून जास्त ड्रायव्हर बदलतात, असं त्यांच्याच संघटनेचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले. या एका आकड्याने सवलतींच्या रकान्याची हवा जाते. आरोग्यविमा लागू व्हायला कायद्याने नव्वद दिवसांपर्यंत थांबवता येतं. निवृत्तीनिधीत कंपनीने घातलेला वाटा पूर्णपणे आपला व्हायला काही योजनांत तीन वर्षं लागतात, काहींत टप्प्याटप्प्याने सहा. आजारी आई-बापांसाठी किंवा बाळंतपणासाठी नोकरी शाबूत ठेवून बिनपगारी रजा हवी, तर आधी त्याच मालकाकडे बारा महिने झालेले हवेत. जो माणूस घरी सोडत नाहीत म्हणून आठव्या महिन्यात नोकरी बदलतो, त्याच्यासाठी यातलं बरंचसं कधी पिकतच नाही. कागदावर सगळं आहे. कंपनीचं त्यात फारसं जातही नाही, कारण ते घ्यायला माणूस टिकलेला नसतो. रुजू होतानाचा घसघशीत बोनसही असाच, हप्त्याहप्त्याने, शेवटचा हप्ता वर्षाच्या टोकाला.

विम्याच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांची अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१० मध्ये पाहणी केली तेव्हा त्यांतले ६९ टक्के लठ्ठपणाच्या व्याख्येत बसले आणि निम्मे सिगारेट ओढणारे निघाले. दोन्ही प्रमाणं इतर कामगारांच्या दुपटीहून जास्त. बसून काम, वेळीअवेळी झोप, महामार्गावर मिळेल ते खाणं. दुसरं काय होणार. ड्रायव्हरला दर दोन वर्षांनी वैद्यकीय दाखला लागतो, रक्तदाबासारखा आजार असेल तर बऱ्याचदा दरवर्षी. दाखला नाकारला की गाडी हाकता येत नाही, नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर विमाही. जी नोकरी आजार लावते तिचा विमा आजाराच्या ऐन वेळी हातचा जाऊ शकतो. सवलतींचा रकाना वाचताना हप्ता किती आणि वजावट (विम्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) किती हे सगळे पाहतात, ही गोष्ट क्वचित कुणी विचारतो.

भत्त्याचीही एक युक्ती आहे. काही कंपन्या मैलाच्या दरातले काही सेंट ‘पर डिएम’ म्हणजे प्रवासभत्ता म्हणून दाखवतात. त्यावर कर लागत नाही, त्यामुळे दर आठवड्याला हातात थोडे जास्त पडतात. पण कागदावरचा पगार तेवढा घटतो. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचं निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, कामावर दुखापत झाल्यास मिळणारी भरपाई, सगळं त्या घटलेल्या पगारावरून ठरतं. कंपनीचाही पगारावरचा कर वाचतो. भत्ता खोटा नसतो, रस्त्यावर खर्च होतोच. पण तो पगाराच्या वर हवा. इथे तो पगाराच्या पोटातूनच कापून दिलेला असतो, हे आवळा देऊन कोहळा काढणं झालं.

मालवाहतूकदारांची संघटना म्हणते, ड्रायव्हरांचा तुटवडा आहे. २०२१ साली तिने हा आकडा ऐंशी हजार सांगितला होता. सरकारच्याच श्रम आकडेवारी विभागाच्या मासिकात २०१९ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी या दाव्याची छाननी केली. ट्रक ड्रायव्हरांचा श्रमबाजार इतर कष्टकरी धंद्यांसारखाच चालतो, पगार वाढला की माणसं येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला त्याहून पटणारा पुरावा या धंद्याच्या आतच दिसतो. अनेक ग्राहकांचा थोडा थोडा माल एकत्र करून नेणाऱ्या, एलटीएल म्हणवणाऱ्या कंपन्यांमध्ये ड्रायव्हर सोडून जाण्याचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं. ट्रक तेच, रस्ते तेच, परवाना तोच. तिथला ड्रायव्हर रात्री एका तळावरून निघतो, दुसऱ्या तळावर ट्रेलर बदलतो आणि पुष्कळदा सकाळी घरी असतो. गंमत अशी की तिथेही लांबच्या फेरीला मैलावरच पैसे मिळतात. पण ट्रेलर तयार उभा असतो, कुणाच्या फाटकावर ताटकळायचं नसतं, आणि तळावरच्या कामाला तासाचा दर वेगळा असतो. तेव्हा माझा झगडा मैलाशी नाही. थांबण्याचा भाव शून्य असण्याशी आहे.

जुन्या युनियनच्या करारांत तो शून्य नव्हता. १९६४ मध्ये जिमी हॉफाच्या टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनने देशभरासाठी एकच करार घडवून आणला. त्या काळच्या करारांत मैलाच्या दराबरोबर खोळंब्याचे, बिघाडाचे तास वेगळे मोजले जात. १९८० मध्ये कार्टर सरकारने मालवाहतूक सरकारी बंधनांतून खुली केली, नव्या बिगरयुनियन कंपन्यांचं पेव फुटलं, भाडी उतरली. ग्राहकांना माल स्वस्तात पोहोचू लागला हे खरंच आहे. पण त्या स्वस्ताईतला मोठा वाटा ड्रायव्हरच्या फुकटच्या तासांतून आला, हेही सांगायला हवं.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. जे. बी. हंट या बड्या कंपनीने १९९७ साली ड्रायव्हरांचे दर सुमारे एक तृतीयांशाने वाढवले आणि नवशिक्यांऐवजी अनुभवी माणसं घेतली. सोडून जाणारे जवळपास निम्म्यावर आले, अपघातही तसेच घटले. वॉलमार्टने २०२२ मध्ये स्वतःच्या ताफ्यातल्या ड्रायव्हरांना पहिल्या वर्षी १ लाख १० हजार डॉलरपर्यंत देऊ केले. देशभरातल्या जड ट्रकचालकांचं मध्यक वेतन त्या वर्षी ५० हजारांच्या आसपास असताना हा आकडा डोळ्यांत भरतो. पण वॉलमार्टला ते परवडण्याचं एक कारण असं, की माल त्याचा, डॉक त्याची, ट्रकही त्याचा. ड्रायव्हरला ताटकळत ठेवलं तर नुकसान त्याच्याच खिशाला. ज्याच्यामुळे वेळ वाया जातो त्यालाच तो भरावा लागला की वेळ वाया जाणं कमी होतं, एवढीच त्यातली मेख.

आता विरुद्ध बाजू. ती कमकुवत नाही. पुष्कळ ड्रायव्हरांनाच मैलावरचा पगार आवडतो. जो हुशारीने रस्ता आखतो, पहाटे तीनला निघून शहराची गर्दी टाळतो, त्याला मैलाच्या दरात मेहनतीचं फळ दिसतं. तासावर पैसे मिळू लागले तर कामचुकार माणूस रमतगमत जाईल, ही त्यांची तक्रार. तरणाबांड, संसार नसलेला माणूस दोन वर्षं सलग रस्त्यावर राहून पैसे साठवू पाहतो, त्याला घरचा दिवस नकोच असतो. तो त्याचा हक्क आहे. म्हणून माझी मागणी मैल बंद करण्याची नाही. मैल राहू द्या, त्याखाली तासाचा पाया घाला. गाडी हाकण्याखेरीजच्या प्रत्येक कामाच्या तासाला ठरलेला दर, डॉकवरच्या पहिल्या मिनिटापासून, आणि चाळीस तासांपुढे दीडपट.

तास मोजणार कसे, हा बहाणा आता उरलेला नाही. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं आहे. गाडी कधी चालली, कधी थांबली, कुठे थांबली, याची नोंद त्यात होतच असते. नियम मोडला म्हणून दंड करायला ती नोंद चालते, मग पगार द्यायला का चालू नये?

कॅलिफोर्नियाने हे थोडंफार करून पाहिलं. नगावर किंवा मैलावर पगार घेणाऱ्यांना विश्रांतीच्या आणि बिनउत्पादक वेळाचे वेगळे पैसे द्यावेत, असा कायदा तिथे २०१६ पासून लागू झाला. पण ट्रकचालकांना जेवणाची आणि मधली सुट्टी देण्याचे राज्याचे नियम फेडरल खात्याने २०१८ च्या अखेरीस बाजूला सारले. पन्नास राज्यांचे पन्नास नियम आंतरराज्य वाहतुकीला जाचक होतात, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. म्हणूनच उपाय वॉशिंग्टनमध्ये हवा. ड्रायव्हरांना जादा कामाच्या पगारातून वगळणारी १९३८ ची तरतूद रद्द करण्याचं विधेयक २०२२ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, मांडलं गेलं आहे, पुढे सरकलेलं नाही. मांडणाऱ्यांत दोन्ही पक्षांचे लोक आहेत, एवढाच दिलासा.

घाईने केलेला नियम अंगलटही येतो, याचा धडा ऑस्ट्रेलियात मिळाला. तिथे २०१२ मध्ये ट्रकवाल्यांच्या मोबदल्यासाठी खास लवाद नेमला गेला. त्याने ठरवलेले किमान दर २०१६ मध्ये अमलात आले, पण ते लागू होते स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या कंत्राटी ड्रायव्हरांना. कंपन्यांच्या ताफ्यांना त्याची झळ नव्हती. आपलं काम ताफ्यांकडे जाणार या भीतीने मालक-चालकच रस्त्यावर उतरले, आणि संसदेने त्याच वर्षी लवाद गुंडाळला. धडा असा की दर सगळ्यांना एकसारखा लावायला हवा आणि तो माल पाठवणाऱ्या-घेणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा. ट्रकमालकापाशीच अडवला तर छोटा ट्रकमालक मरतो. अमेरिकेत दहा किंवा त्याहून कमी ट्रक असलेल्यांचंच प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त आहे.

घरच्या दिवसांबाबत युरोपने निदान प्रश्न योग्य जागी मांडला. २००६ च्या नियमांनुसार अंतरावर पैसे देण्याने सुरक्षितता धोक्यात येत असेल तर तसे पैसे देण्यालाच मनाई आहे. २०२० च्या सुधारणांनी पुढचं पाऊल टाकलं. पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, आणि चार आठवड्यांत एकदा तरी ड्रायव्हरला घरी किंवा कंपनीच्या मूळ देशात परतता येईल असं काम आखणं कंपनीवर बंधनकारक. याच सुधारणांत ट्रकनेही दर आठ आठवड्यांनी मूळ देशी परतावं अशी अट होती. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रकची अट रद्द केली, माणसाची कायम ठेवली.

नियम आहे म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. २०२३ मध्ये जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या विश्रांतीतळावर एका पोलिश मालकाच्या ट्रकवरच्या जॉर्जियन आणि उझबेक ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आठवडेच्या आठवडे ट्रक उभे करून ठेवले. महिनोन्‌महिने घराबाहेर असलेली ती माणसं होती. तपासणी ढिली असली की चार आठवड्यांचा नियम कागदावर राहतो. तरीही मी युरोपच्या बाजूने बोलेन, कारण तिथे घरी न सोडणं हा कंपनीचा नियमभंग ठरतो. अमेरिकेत ते ड्रायव्हरचं नशीब ठरतं.

कायदा होईपर्यंत नोकरी तर करायचीच आहे. त्यामुळे जो आज दोन कंपन्यांमध्ये निवड करतो आहे त्याने भरती करणाऱ्याला मैलाचा दर विचारूच नये, तो जाहिरातीत आहेच. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या ड्रायव्हरांना सरासरी आठवड्याला किती मैल मिळाले, डॉकवरचे पैसे कितव्या तासापासून आणि किती, घरी नेण्याचा दिवस चुकला तर तुम्ही काय देता, हे विचारावं आणि उत्तर लेखी मागावं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर नसेल. ज्या कंपनीकडे असेल तिथे दोन सेंट कमी मिळाले तरी चालतील. आणि ‘स्वतःच्या ट्रकचे मालक व्हा’ म्हणत कंपनीचाच ट्रक भाडेहप्त्याने गळ्यात मारणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. फेडरल सरकारनेच नेमलेल्या कृतिगटाने २०२५ च्या सुरुवातीला असे करार बंद करण्याची शिफारस केली आहे. त्या करारात डॉकवरचा तास फुकट तर जातोच, वर त्या तासाचा ट्रकचा हप्ताही ड्रायव्हरच भरत असतो.